हातचा एक

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीत लिफ्टला पैसे लागतात.
आत एक पेटी आहे, तिच्यात नाणं टाकलं
की ती कण्हत जागी होते
आणि मला सातव्या मजल्यावर सोडते.
उतरताना काही मागत नाही.

पण लिफ्ट जमिनीला टेकत नाही.
पाच पायऱ्या आधीच थांबते.
ज्याने नकाशा काढला तो तेव्हा तिशीचा असणार,
गुडघे नवे, आई दुसऱ्या गावी.

चौतीस वर्षं भूमिती शिकवली मी,
मला पायऱ्या दिसतच नाहीत, काटकोन त्रिकोण दिसतो:
पाया दीडशे सेंटिमीटर, उंची ऐंशी,
आणि कर्ण चक्क एकशे सत्तर.
पूर्णांक!
पट्टी हातात धरून त्या दिवशी मी एकटीच हसले.

निवडणुकीआधी पालिकेची माणसं आली
आणि त्या कर्णावर दोन लोखंडी पन्हळी ठोकून गेली.
हा म्हणे उतार.
मी पत्र लिहिलं: एक चढायचा तर बारा चालावं लागतं,
म्हणजे तुम्हाला नऊ मीटर साठ हवे होते,
उतार दाराबाहेर, जुंबेरच्या गाडीपाशी संपायला हवा होता.
उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.
पन्हळींमधलं अंतर बाबागाडीचं आहे.
माझ्या वॉकरची चाकं चार बोटं रुंद.

वॉकर इटलीहून आला, बारीहून,
मिनीबसच्या टपावर, तेलाच्या डब्याशेजारी बांधून.
इर्मा तिथे ओर्सोला नावाच्या बाईंना
उठवायची, न्हाऊ घालायची, अंगणात फिरवायची.
बाई गेल्या तेव्हा घरचे म्हणाले, हवं ते घे.
तिथे झुंबरही होतं, म्हणे.
लेकीने हे घेतलं.

मुठीवर अजून चिकटपट्टी आहे, तिच्यावर त्यांचं नाव.
मी सोललेली नाही.
डावा ब्रेक सैल आहे, म्हणजे त्या डावीकडे कलत असणार.
मी उजवीकडे कलते.
दोघी मिळून बऱ्यापैकी सरळ चालतो.

तर बाहेर पडायचं म्हणजे असं:
पाच पायऱ्यांच्या तोंडाशी वॉकर न्यायचा
आणि द्यायचा सोडून.
धाड धाड धाड.
दारं उघडतात, वरून कुणी ओरडतं,
लामझिराबाई पावाला निघाल्या!
धावत येऊन माझं कोपर धरणाऱ्यांना मी परत पाठवते.
कोपर म्हणजे दाराची मूठ नव्हे.
डावा हात भिंतीवर, उजव्यात काठी,
एका पायरीला दोन पावलं,
आणि मध्ये वाटलं तर थांबायचं,
थांबण्याला कारण लागत नाही.

खाली साबा असतो, तिसऱ्या मजल्यावरचा, गणितात दोनदा नापास.
घरंगळणारा वॉकर एका पायाने अडवतो,
उघडून ठेवतो,
आणि माझ्याकडे बघत नाही. फोनकडे बघतो.
मी शेवटच्या पायरीवरून उतरेपर्यंत
त्याला फोनमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी सापडलेलं असतं.
मदत कशी करावी हे या इमारतीत त्यालाच कळलंय.

जुंबेर दोन वर्षं म्हणतोय, पन्हळी कापून रुंद जोडून देतो.
गेल्या आठवड्यात टेप घेऊन आला खरा,
चाकांचं माप घेतलं, तळहातावर लिहिलं,
आणि मग जेवायला बसताना हात धुतले.

परत येताना वॉकर साबा उचलतो, मी काठी.
पायरीगणिक एक प्रश्न:
साताचा वर्ग? पंधराचा? बरं, दोघांच्या मधलं अंतर?
तो चुकतो. मी थांबते. तेवढाच दम खाता येतो मला.
आज चौथ्या पायरीवर तो बरोबर आला,
मला घाईघाईत पाचवी चढावी लागली.

लिफ्टमध्ये तो खिसे चाचपतो. नाणं नसतं. कधीच नसतं.
माझ्या कोटाच्या अस्तरात असतं एक, वेगळं ठेवलेलं.
पोरांना सांगायचे मी,
हातचा बोटावर धरा,
बेरीज संपेपर्यंत
विसरायचा नाही.